बाळंतपण कुठं करायचं? बेळगाव सीमाभागातल्या घराघरांतून येणारे प्रश्न

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर सिस्टर म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर खानापूरकडचं. म्हणजे माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण एका राज्यात झालं आणि दुसरं दुसऱ्यात. निवृत्त झाले तरी फोन थांबलेले नाहीत. कुणाची सून सातव्या महिन्यात असते, कुणाची लेक माहेरी यायची असते, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथं एकत्र लिहून काढले आहेत. कुणाचं नाव घेतलेलं नाही.

आजकाल कुणी घरी बाळंत होतं का?

फार थोड्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीत कर्नाटकात दवाखान्यात होणारी बाळंतपणं शंभरात ६५ च्या आसपास होती. २०१९-२१ च्या फेरीत हाच आकडा ९७ वर गेला. मी नोकरीला लागले तेव्हा रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणीतरी दारात उभं असायचं, "सिस्टर, चला, कळा लागल्यात." शेवटच्या वर्षांत तसं बोलावणं जवळजवळ बंद झालं होतं.

म्हणून "बायका दवाखान्यात का जात नाहीत" हा प्रश्न आता जुना झाला. बायका जातात. कुठल्या दवाखान्यात जायचं, सीमेच्या अलीकडं की पलीकडं, तिथं तिच्याजवळ कोण बसणार आणि हे सगळं कोण ठरवणार, हे आता विचारायला हवं. जे थोडं घरी होतं, ते बहुतेक वेळा ठरवून होत नाही. रस्ता, पाऊस, गाडी नाही, कळा भराभर आल्या, अशा कारणांनी होतं.

पहिलं बाळंतपण माहेरीच का? सासरी केलं तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही. पण या प्रथेला नुसती जुनी रीत म्हणून झटकून टाकू नका, तिच्यामागं शहाणपण आहे. सासरी ती सून असते. कंबर दुखते, पाय सुजले, अंगावरून पाणी जातंय, हे सासूला सांगायला ती लाजते. आईला न सांगताच कळतं. सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आणलं की तिला पहाटे उठून भाकऱ्या थापायला लागत नाहीत, शेण काढायला लागत नाही. बाळंतपणानंतर सव्वा महिना शेक-शेगडी, तेल-मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. एवढी विश्रांती आमच्याकडच्या बाईला आयुष्यात पुन्हा कधी मिळत नाही. बाई माहेर निवडते ती या विश्रांतीसाठी आणि आईच्या हातासाठी. दवाखाना मग माहेराच्या जवळचा ठरतो. बाहेरच्या लोकांच्या हे लक्षात येत नाही. ते कुठला दवाखाना चांगला हे विचारत बसतात, आणि इथं दवाखाना निवडलेला असतो तो आधी माहेर निवडलं म्हणून.

यात धोका एकच, आणि तो मोठा आहे. सहा महिने एका आशाताईनं, एका सिस्टरनं तिला तपासलेलं असतं. रक्त किती, बीपी कसा, आधीच्या वेळी काय झालं, सगळं त्यांना माहीत. सातव्या महिन्यात ती गाव बदलते आणि नव्या गावात तिला ओळखणारं कुणी नसतं. एकीकडची यादी म्हणते "माहेरी गेली", दुसरीकडच्या यादीत ती आलेलीच नसते. आठवा आणि नववा महिना, म्हणजे बीपी वाढण्याचा नेमका काळ, ती कुणाच्याच नजरेखाली नसते. माझ्या पाहण्यातल्या वाईट बाळंतपणांपैकी बरीच या फटीत पडलेली आहेत.

तेव्हा लेक माहेरी आली की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा. तिचं कार्ड घेऊन गावच्या आशाताईकडं जा आणि नाव घालून घ्या. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा रक्त, लघवी, बीपी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून ही सोय आहे. पाहुणी म्हणून आलेल्या लेकीलाही ती मिळते.

कार्ड म्हणजे कुठलं? "ताई कार्ड" म्हणतात ते?

हो, पण ते "तायी" आहे. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका ताई कार्ड म्हणतात आणि तेही कानाला गोडच लागतं. कर्नाटकात गरोदरपणाची नोंद झाली की हे कार्ड मिळतं. महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड असतं. दोन्हींवर तीच माहिती असते: पाळीची शेवटची तारीख, हिमोग्लोबिन, रक्तगट, धनुर्वाताची इंजेक्शनं, आधीची बाळंतपणं. हे कार्ड ट्रंकेत, साड्यांच्या घडीत ठेवू नका. बाई जिथं जाईल तिथं ते तिच्याबरोबर गेलं पाहिजे, अगदी जत्रेला गेली तरी.

बेळगाव, कोल्हापूर, मिरज की गोवा? लोक कसं ठरवतात?

नकाशावरची रेघ पाहून कुणीच ठरवत नाही. एसटी कुठं जाते, नातेवाईक कुठं आहेत आणि भाषा कुठं समजते, यावर ठरतं.

निपाणीच्या बाईला बेळगाव सत्तर किलोमीटरच्या पुढं आणि कोल्हापूर चाळीसच्या आसपास. ती कोल्हापूरला किंवा गडहिंग्लजला जाते. कागवाड, उगार, अथणीकडची बाई मिरजेला जाते. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथल्या मिशन हॉस्पिटलची सुरुवात १८९४ सालची. त्या भागातल्या आज्याही "मिरजेला दाखवलं का?" असंच विचारतात. कणकुंबी, चोर्ला घाटाकडची माणसं कामाधंद्यासाठी गोव्यात असतात. नवरा साखळीला किंवा म्हापशाला असेल तर बाळंतपण तिकडं, आणि अवघड झालं तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात.

आणि उलटा प्रवाहही तेवढाच आहे. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण त्याचा जिल्हा कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडं आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. त्यामुळं चंदगडच्या बायका शिनोळीवरून बेळगावात येतात. माझ्या आईनंही मला अडल्यावर बेळगावलाच न्यायचं ठरवलं होतं. वेळ आली नाही, पण जीप सांगून ठेवलेली होती. सीमेवरून सभा-मोर्चे व्हायचे तेव्हाही बाळंतिणीची गाडी कुणी अडवल्याचं मी पाहिलेलं नाही.

बेळगाव शहरात सरकारी जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. १९६३ साली सुरू झालेलं केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (जेएनएमसी) आणि त्याचं मोठं रुग्णालयही शहरातच. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, बाळासाठी काचेची पेटी, हे सगळं एका ठिकाणी मिळायचं तर शहर गाठावंच लागतं.

मग सगळ्यांनी थेट बेळगावलाच जावं का?

नाही. पहिलं मूल नीट झालेलं, रक्त (हिमोग्लोबिन) ११ च्या वर, बीपी ठीक, बाळाचं डोकं खाली, अशा बाईचं बाळंतपण चोवीस तास चालू असलेल्या जवळच्या आरोग्य केंद्रात चांगलं होतं. तिथली सिस्टर ओळखीची असते, घरून गरम पेज आणता येते, आणि रात्री सासऱ्यांना दवाखान्याच्या जिन्याखाली झोपावं लागत नाही.

पण पुढच्या बायकांनी कळा लागायची वाट न पाहता आधीपासून मोठं ठिकाण ठरवावं: आधी सीझर झालेलं, बीपी वाढलेला, रक्त ७ च्या खाली किंवा त्याच्या आसपास, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, साखर, हृदयाचा आजार, मागच्या वेळी खूप रक्त गेलेलं किंवा वार अडकलेली. यातलं काहीही लपवू नका. सुइणीपुढं पोट झाकून चालत नाही, तसंच डॉक्टरपुढंही. आधीचं मूल गेलं हे सांगायला बायका कचरतात, अपशकुन वाटतो. पण तीच गोष्ट डॉक्टरांना सगळ्यात आधी कळायला हवी असते.

भीमगडच्या जंगलातल्या गावांनी काय करायचं?

हा प्रश्न लिहिताना माझा हात जड होतो. गवळी, कोंगळा, पास्तोळी, आमगाव, देगाव, तळेवाडी ही खानापूर तालुक्यातली गावं. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं आणि जंगलाच्या कायद्यामुळं पक्का रस्ता करणं आणखी अवघड झालं. जून ते सप्टेंबर इथं पाऊस असा कोसळतो की ओढ्यावरचे लाकडी साकव बुडतात. म्हादई याच डोंगरात उगम पावते, तेव्हा पाण्याला तोटा नाही. फोनला रेंज नाही. आजारी माणसाला तिरडीसारखी काठी-घोंगडी बांधून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथून पुढं अँब्युलन्स.

शहरातले लोक म्हणतात, "मग ते तिथं राहतातच कशाला?" तिथं त्यांचं शेत आहे, देव आहे, पिढ्यान् पिढ्यांचं घर आहे. त्यांना दोष देऊन बाळंतपण सुखरूप होत नाही.

करता येण्यासारखं हे आहे. तारीख पावसाळ्यातली असेल तर पंधरा-वीस दिवस आधी बाईला खानापूर, नंदगड, जांबोटी किंवा बेळगावात नातेवाइकाकडं आणून ठेवा. मी माझ्या भागात दर वर्षी मृगाच्या आधी वहीत यादी करायची: कुणाची तारीख आषाढात, कुणाची श्रावणात. मग एकेकीच्या घरी जाऊन सासूशी बोलायची. पहिली अडचण कायम तीच, "रोपलावणीच्या दिवसांत घरातलं माणूस कसं सोडायचं?" मी म्हणायची, लावणीला एक हात कमी पडला तर गाव देईल, आई गेली तर कोण देणार? ऐकायचे. सगळे नाही, पण ऐकायचे. नातेवाईक नसलेल्या घरांची मात्र मोठी अडचण व्हायची. अशा बायकांना शेवटचे दोन आठवडे राहायला दवाखान्याजवळ एखादी खोली असावी, एवढी साधी मागणी मी किती बैठकांत मांडली याचा हिशोब नाही.

आणि ज्यांचं दुसरं-तिसरं बाळंतपण आहे त्यांनी जास्त घाई करावी. पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात, रस्ता गाठायला वेळ मिळतो. दुसऱ्या वेळी सगळं भराभर होतं. वाटेत जीपमध्ये बाळंत झालेल्या बायका मी पाहिल्या, त्यात पहिलटकरीण क्वचितच होती.

सरकारी की खासगी?

पैसे असलेलं घर खासगीत जातं आणि नसलेलं घरही कर्ज काढून खासगीत जातं. कारण विचारलं तर बायका औषधांचं नाव काढत नाहीत, वागणुकीचं काढतात. "तिथं अंगावर ओरडत नाहीत." "तिथं आई जवळ बसू देतात." "तिथं संडास स्वच्छ आहे." ही कारणं क्षुल्लक नाहीत. सरकारी दवाखाना चालवणाऱ्यांनी ती नीट ऐकावीत असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बाजूही सांगते. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांतली निम्म्याहून जास्त बाळंतपणं, शंभरात ५२, सीझरनं झालेली आहेत. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण २३ च्या आसपास. खासगीत अवघड बायका जास्त जातात म्हणावं, तर अवघड बायका शेवटी सरकारी मोठ्या रुग्णालयातच पाठवल्या जातात. तेव्हा खासगीत जायचंच असेल तर आधी भेटून सरळ विचारा: नॉर्मल झालं तर किती, सीझर झालं तर किती, रात्री डॉक्टर हजर असतात का, बाळाला त्रास झाला तर कुठं पाठवता? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

सरकारीत भीती वाटण्याचं आणखी एक कारण ताजं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सीझर झालेल्या पाच जणी त्या दिवसांत आणि नंतर दगावल्या, आणि संशय सलाईनच्या दर्जावर आला. ती बातमी आमच्या गावागावांत पोचली. "सरकारी सलाईन नको" असं मला कितीजणींनी सांगितलं. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. चौकशी झाली, तो साठा थांबवला, हे सांगितलं, आणि सीझर टाळण्यासाठी म्हणून घरी राहू नका, हेही. कर्नाटकात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागं ६९ माता दगावल्या. महाराष्ट्रात तोच आकडा ३३, केरळात १९. आपल्या राज्याला अजून बरंच चालायचं आहे.

लेबर रूममध्ये एकटीलाच आत घेतात. आई सोबत नको का?

हवी. आणि नियमातही बसते. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीबरोबर एक सोबतीण राहू द्यावी असं ठरवलं. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, ती अंगानं स्वच्छ असावी आणि तिनं डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये, एवढ्याच अटी. आई, सासू, जाऊ, मावशी, कुणीही चालते.

हे प्रत्येक ठिकाणी पाळलं जात नाही. जागा नाही, पडदे नाहीत, एका खोलीत तिघी-चौघी कळा देत असतात. पण विचारायचा हक्क तुमचा आहे. नवव्या महिन्यातच विचारून ठेवा, कळा चालू असताना भांडायची वेळ येऊ नये. मी लेबर रूममध्ये उभी राहून सांगते, जिचा हात कुणीतरी धरलेला असतो तिचं बाळंतपण सोपं जातं. "आई गे, मला एकटीला सोडू नका" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून झोपेत ऐकू येतं.

माझ्या स्वतःच्या दुसऱ्या खेपेला मला आत एकटीलाच नेलं. मी सिस्टर आहे हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. ओरडले म्हणून मांडीवर चापट बसली. ती चापट मी विसरले नाही. त्यानंतर माझ्या उपकेंद्रात कुणाच्या अंगाला तसा हात लागू दिला नाही.

मला कन्नड येत नाही. दवाखान्यात कसं होणार?

बेळगाव, खानापूर, निपाणीत बहुतेक सिस्टरना दोन्ही भाषा येतात. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले तरुण डॉक्टर असतील तर अडचण येते. तेव्हा तीन-चार शब्द पाठ करून जा: नोवु म्हणजे दुखणं, होट्टे नोवु म्हणजे पोटात दुखणं, नीरु म्हणजे पाणी, मगु म्हणजे बाळ. रक्त दोन्हीकडं रक्तच. कन्नडमध्ये बाळंतपणाला हेरिगे म्हणतात आणि बाळंतिणीला बाणंती. किती जवळ आहे बघा.

सहीच्या कागदाची भाषा कळत नसेल तर "मराठीत सांगा, मग सही करते" म्हणा. ऑपरेशनच्या कागदावर न कळता सही करू नका, आणि करायला लावूही देऊ नका. उलटही होतं. चंदगडकडं दिलेल्या कन्नड लेकी असतात, त्यांनाही मराठी दवाखान्यात तसंच बुजल्यासारखं होतं. शेजारच्या खाटेवर अशी कुणी असेल तर तिला मदत करा.

आमच्या गावच्या सुईणबाईला बोलवायचंच नाही का?

बोलवा. दवाखान्यात सोबत घेऊन जा. बाळंतिणीला चोळायला, बाळाला न्हाऊ घालायला, पाचवीला, बारशाला बोलवा. तिच्या हाताला जे कळतं ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं. बाळ आडवं आहे हे एका म्हाताऱ्या सुईणबाईनं नुसतं पोटावर हात फिरवून मला दाखवलं होतं. मी तेव्हा नवीन होते. कन्नडमध्ये सुइणीला सूलगित्ती म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातल्या सूलगित्ती नरसम्मांनी एक पैसा न घेता पंधरा हजारांवर बाळंतपणं केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मान त्यांचा आहेच.

पण एक संकट सुइणीच्या हाताबाहेरचं आहे, ते पुढच्या प्रश्नात सांगते.

बाळ झालं, सगळं नीट झालं. मग एवढी घाई कसली?

बाळ बाहेर आल्यावरचा पहिला तास आईसाठी सगळ्यात धोक्याचा. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही. भरल्या घागरीला भोक पडावं तसं होतं, आणि अंगात आधीच रक्त कमी असलेली बाई दोन तासांत संपते. आमच्याकडं रक्त कमी असलेल्या बायका किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

यावर इलाज आहे, आणि त्या इलाजाच्या इतिहासात आपल्या बेळगाव जिल्ह्याचं नाव आहे. बेळगावच्या जेएनएमसीतल्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांबरोबर इथल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक अभ्यास केला. बाळंतपण करणाऱ्या माझ्यासारख्याच सिस्टर होत्या. बाळ झाल्याबरोबर निम्म्या बायकांना गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. साध्या गोळीवाल्या शंभरात १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गोळीवाल्या ६ जणींना. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं आणि पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या गावच्या बायकांनी त्या अभ्यासाला हो म्हटलं म्हणून जगभरच्या खेड्यांतल्या बायका वाचल्या. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

दवाखान्यात बाळ झाल्यावर मिनिटाभरात मांडीत इंजेक्शन देतात, तेही याच कामाचं. बाळंतपण दवाखान्यातच करा असं मी म्हणते, त्याचं पहिलं कारण हे इंजेक्शन. दुसरं कारण रक्ताची बाटली. बाकी सगळं नंतर.

एक सावधगिरी: बाळ व्हायच्या आधी "कळा वाढवायचं इंजेक्शन" घरी येऊन देणारे असतात. देऊ देऊ नका. तेच औषध अवेळी दिलं तर गर्भाशय फाटतं, बाळ गुदमरतं.

दोन दिवस ठेवून घेतात. घरी म्हशी आहेत, मोठं पोर आहे. लगेच निघालं तर?

४८ तास राहा. पहिल्या रात्रीच रक्तस्राव, ताप, झटके हे सगळं दिसतं. बाळाला दूध ओढता येतं का, ते पिवळं पडतंय का, हेही. म्हशीची धार शेजारीण काढेल.

पैसे किती लागतात आणि किती मिळतात?

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (साध्या बाळंतपणात ३ दिवस, सीझरला ७ दिवस) आणि जाण्या-येण्याची गाडी, सगळं मोफत आहे. कुठल्या राज्याची म्हणून फरक नाही. कुणी "बक्षिसी" मागितली तर देऊ नका. मुलगा झाला म्हणून जास्त मागतात, तेव्हा तर मुळीच नको.

जननी सुरक्षा योजनेत कर्नाटकातल्या ग्रामीण भागात गरीब घरच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ७०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. खातं बाईच्या नावावर असावं आणि आधारला जोडलेलं असावं. सासरच्या खात्यात येतील म्हणून बसू नका. जुन्या बायका अजून "मडिलु"ची पिशवी मिळेल का विचारतात. २००७ साली सुरू झालेली ती योजना, सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या गरीब बाईला कपडे, साबण, बाळाचं अंथरूण-पांघरूण मिळायचं. मडिलु म्हणजे मांडी, कूस. नाव छान होतं.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं त्याला विरोध केला. त्या भरवशावर कळा चालू असताना गाडी वळवू नका. आधी दवाखान्यात फोन करून विचारा, आमच्या गावाचं कार्ड चालतं का, बाळंतपणाला चालतं का.

१०८ ला फोन लावला तर सीमेवर गोंधळ होतो का?

होतो. नंबर दोन्ही राज्यांत तोच, कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून. फोन पलीकडच्या टॉवरवरून गेला तर उचलणारा पलीकडचा असू शकतो. म्हणून पहिल्यांदा विचारा, "कर्नाटक की महाराष्ट्र?" मग गाव, तालुका, जिल्हा सांगा आणि जवळची मोठी खूण: फाटा, देऊळ, साखर कारखाना. आणि गावातल्या एका जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवा. गाडीत डिझेल असू दे, एवढंच त्याला सांगा.

बीडी वळणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायकांचं काय?

निपाणीत बायका नवव्या महिन्यापर्यंत मांडी घालून तंबाखूच्या धुळीत बसलेल्या असतात, कारण मजुरी हजारी बीड्यांवर मिळते. त्यांच्या बाळांचं वजन कमी भरतं. ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बायका तर कुठल्याच यादीत नसतात, आज चिक्कोडी, उद्या अथणी. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल आणि एखादी पोटुशी दिसली तर आशाताईला सांगा. तिचं गाव कुठलं हे विचारण्याआधी तिचं रक्त तपासू दे.

हे सगळं ठरवतं कोण?

खरं उत्तर: सासू, नवरा, माहेरची आई आणि जीपवाला, या क्रमानं. बाई स्वतः शेवटी. मी घरी जाऊन सगळ्यांसमोर विचारायची, "तुला कुठं बरं वाटेल?" पहिल्यांदा ती सासूकडं बघायची. दुसऱ्यांदा विचारलं की मान खाली. तिसऱ्यांदा, सासू चहा करायला आत गेली की, हळूच सांगायची. त्यात बहुतेक वेळा मोठं काही नसायचं: "त्या दवाखान्यात माझी मावसबहीण आया आहे," किंवा "मागच्या वेळी तिथं मला फार बोलल्या." एवढं कळलं की निम्मं काम व्हायचं. तिसऱ्यांदा विचारा, हे मी सगळ्या नव्या आशाताईंना सांगते.

दवाखाना गाठताच आला नाही तर?

हात साबणानं धुवा. स्वच्छ सुती कापड, नवीन ब्लेड, उकळलेला दोरा घ्या. पोट दाबू नका, वार ओढू नका. बाळ पुसून कोरडं करा, आईच्या छातीला लावा, वर पांघरूण घाला. नाळेला शेण, राख, हळद काही लावू नका. चीक फेकू नका, तोच पाजा. गुळाचं पाणी, मध नको. दोन कापडं भिजून रक्त येत असेल, वार अर्ध्या तासात पडली नसेल, झटके आले, तर त्याच क्षणी गाडी. आणि सगळं नीट झालं तरी दोघांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवा.

बाळ पलीकडच्या राज्यात झालं. जन्मदाखला कुठला?

जिथं जन्म झाला तिथलाच. घर कुठं आहे याला अर्थ नाही. २१ दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे, दवाखान्यात झालं तर दवाखानाच कळवतो, घरी झालं तर घरच्यांनी कळवायचं. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत फी नाही, पुढं पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. दवाखाना सोडण्याआधी कागदावर आईचं, बापाचं नाव कसं लिहिलंय ते आधारकार्डाशी ताडून बघा. कन्नड लिपीतून मराठी नाव लिहिताना पाटलाचं पाटिल, ज्ञानेश्वराचं भलतंच काही होतं, आणि अठरा वर्षांनी पोराला तहसीलदारांच्या दारात उभं राहावं लागतं.

पिशवीत काय भरून ठेवायचं?

आठवा लागला की भरा. कार्ड, आधार, रेशनकार्ड, पासबुक. जुन्या लुगड्याचे धुऊन उन्हात वाळवलेले चार तुकडे, बाळाचं टोपडं, दोन दुपटी, बाईचे पुढून उघडणारे दोन गाऊन, सुती कपड्यांच्या घड्या, साबण, पाण्याची बाटली, थोडा गूळ-शेंगदाणा सोबतिणीसाठी. फोनचा चार्जर. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात: जीपवाला, आशाताई, आई. फोन बंद पडला तर कुणाच्याही फोनवरून लावता येतील, म्हणून नंबर कागदावरच लिहा.